वृद्ध-परिचर्या : चिकित्सेचा दुर्लक्षित पाद

चिकित्सेचे चार पाद आपणा सर्वांस मुखोद्गत आहेत. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी भिषक् आणि द्रव्य या दोन पादांविषयी आपल्या परिषदांतून, चर्चासत्रांतून आणि या त्रैमासिकाच्या पानांतूनही विपुल ऊहापोह होत असतो. रोगीपरीक्षेवर स्वतंत्र ग्रंथ आहेत. उपस्थाता मात्र परीक्षेत त्याचे चार गुण लिहून दोन गुण मिळविण्यापुरताच आपल्या स्मरणात राहतो. उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे ते चार गुण होत. वृद्ध रुग्णाच्या बाबतीत चिकित्सेचे यशापयश बहुतांशी या तिसऱ्या पादावरच अवलंबून असते, असे आमचे अनेक वर्षांच्या व्यवसायातील निरीक्षण आहे. त्याविषयी काही विचार व्यवसायबंधू-भगिनींसमोर आणि औषधालय चालविणाऱ्या मित्रांसमोर मांडावेत, हा या लेखाचा हेतू आहे.

आमचा परिसर, आमचे वृद्ध

आमचा व्यवसाय नावडे येथे आहे. एका बाजूस तळोजाची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूस कळंबोली आणि यांच्यामध्ये जुने गावठाण व सिडकोची वसाहत अशी या गावाची रचना आहे. 2016 साली पनवेल महानगरपालिका स्थापन झाली आणि नावडे तिच्या हद्दीत आले. कागदोपत्री गाव शहर झाले, तरी येथील वृद्धांचे दोन वेगळे वर्ग आजही स्पष्ट दिसतात.

पहिला वर्ग गावठाणातील आहे. आयुष्यभर भातशेती केलेली, चिखलात वाकून लावणी केलेली ही माणसे. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, पुढे साडेबारा टक्के योजनेतून भूखंड मिळाले, घरांच्या इमारती झाल्या. घरात पैसा आला, परंतु पहाटे उठून जाण्याचे शेत उरले नाही. ज्या देहाला साठ वर्षे श्रमाचे सात्म्य होते, तो देह एकाएकी ओटीवरील खुर्चीत स्थिरावला.

दुसरा वर्ग सिडकोच्या वसाहतीतील आहे. सातारा, सांगली, खानदेश, तळकोकण येथून मुलाच्या नोकरीपाठोपाठ आलेले आईवडील, तसेच कळंबोलीच्या लोखंड बाजारात किंवा वाशी-तुर्भ्याच्या घाऊक बाजारात ओझी वाहून निवृत्त झालेले माथाडी कामगार यात मोडतात. यांची घरे वरच्या मजल्यावर, इमारतीस लिफ्ट नाही, गुडघे झिजलेले. एकदा वर गेलेला मनुष्य मग दवाखान्यापुरताच खाली येतो. शेजारी ओळखीचे नाहीत, बोली निराळी, दिवसभर घरात दूरदर्शन संच आणि भिंती.

2011 च्या जनगणनेत साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या देशात दहा कोटींहून अधिक होती व महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण सुमारे 9.9 टक्के होते. त्यानंतर ते वाढतच आहे. थोडक्यात, आपल्या दवाखान्यासमोरील बाकावर बसलेल्यांत वृद्धांची संख्या यापुढे वाढतच जाणार आहे, आणि जे बाकावर येऊन बसूच शकत नाहीत त्यांची संख्या त्याहून वेगाने वाढेल.

कालज आणि अकालज जरा

सुश्रुताचार्यांनी जरेची गणना स्वभावबलप्रवृत्त व्याधींत केली आहे. क्षुधा, तृष्णा, निद्रा, मृत्यू यांच्या पंक्तीत ती बसते. परंतु याच ठिकाणी त्यांनी एक महत्त्वाचा भेद केला आहे. योग्य रक्षण करूनही येते ती कालज, आणि रक्षण न केल्यामुळे येते ती अकालज. पहिलीवर आपला इलाज नाही. दुसरी मात्र टाळता येण्याजोगी आहे.

हा भेद केवळ पाठांतराचा नव्हे. वृद्ध रुग्णास पाहताना प्रत्येक लक्षणाबाबत आपण स्वतःस हा प्रश्न विचारला पाहिजे की हे वयामुळे आले की रक्षण न झाल्यामुळे आले? पायातील बळ गेले ते ऐंशी वर्षे झाली म्हणून, की तीन आठवडे कोणी उभेच केले नाही म्हणून? बोलणे असंबद्ध झाले ते बुद्धिभ्रंशाने, की आठ दिवस मलप्रवृत्ती नाही आणि पाणी पोटात जात नाही म्हणून? आमच्या अनुभवाने, 'वय झाले' या दोन शब्दांखाली अकालज जरेचा फार मोठा भाग झाकला जातो. कुटुंबीय तसे म्हणतात आणि खेदाची गोष्ट अशी की वैद्यही मान हलवितात.

शय्या हे औषध नव्हे

गावठाणातील ऐंशीच्या घरातील एका गृहस्थांचे उदाहरण देतो. न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. रुग्णालयातून घरी आल्यावर दीड महिन्याने आम्हांस बोलावणे आले ते भूक नाही, झोप नाही, मलावष्टंभ आहे म्हणून. आम्ही सुनेस विचारले, "ताई, बाबांना दिवसातून किती वेळा उठवून बसवता?" ती म्हणाली, "डॉक्टर, त्यांना हलवायचीच भीती वाटते. हाड पुन्हा सरकलं तर?" घरात प्रेमाची, पैशाची, औषधाची वाण नव्हती. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवसापासूनच आधाराने उभे करावयाचे असते, ही एक गोष्ट घरापर्यंत पोहोचली नव्हती किंवा भीतीपोटी पाळली गेली नव्हती. पोटऱ्यांचे मांस उतरले होते, टाचा लाल होत्या आणि माकडहाडावर रुपयाएवढा काळसर डाग होता.

मोडलेले हाड जुळले होते. त्या गृहस्थांना क्षीण केले ते अंथरुणाने.

अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्ध स्वयंसेवकांस केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांसधातू कमी झाला. ही निरोगी माणसांची गोष्ट. ज्वर, शस्त्रक्रिया, अन्नद्वेष यांची भर पडल्यास क्षय किती शीघ्र होईल, याची कल्पना यावी. मांसक्षयाबरोबर वात वाढतो, वाताबरोबर मलावष्टंभ आणि निद्रानाश, निद्रानाशाबरोबर झोपेची गोळी, गोळीमुळे तंद्रा, तंद्रेमुळे पुन्हा अंथरूण. या चक्रात रसायन कितीही उत्तम दिले तरी ते भरलेल्या मडक्याच्या तळाशी भोक असण्यासारखे ठरते.

म्हणून अस्थिभंग, पक्षाघात, दीर्घ ज्वर यांनंतर घरी आलेल्या वृद्धाबाबत शल्यचिकित्सकाने घातलेले निर्बंध कोणते, हे प्रथम विचारून घ्यावे. निर्बंध नसेल तेथे पुढील क्रम आम्ही अवलंबितो. पहिल्या पायरीस अंथरुणातच घोटे वर-खाली करणे, गुडघे वाकविणे, हात डोक्यावर नेणे. दुसऱ्या पायरीस पाय खाली सोडून पलंगाच्या कडेस बसणे. येथे रक्तदाब अवश्य मोजावा. उठून उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल तर पडण्याचा धोका आहे. अशा वेळी चालू औषधांचा फेरविचार करण्यासाठी संबंधित डॉक्टरांशी बोलावे. तिसऱ्या पायरीस वॉकर धरून उभे राहणे, आणि चौथ्या पायरीस शौचासाठी कमोड खुर्चीपर्यंत चार पावले. जेवण अंथरुणावर न देता खुर्चीत बसवूनच द्यावे. तीन जेवणांच्या निमित्ताने तीन वेळा उठणे होते आणि त्यासाठी निराळा व्यायाम सांगावा लागत नाही.

चरकाचार्यांनी उपकल्पनीय अध्यायात आतुरालयाची सिद्धता सांगताना परिचारकांची जी यादी दिली आहे, तीत रुग्णास उठविणारे आणि निजविणारे यांची स्वतंत्र गणना केली आहे. उठविणे-निजविणे ही एक विद्या आहे हे त्या काळी ओळखले गेले होते. आज घरातील सुनेस किंवा ब्यूरोमार्फत येणाऱ्या मावशीस ती विद्या कोणी शिकवीत नाही. काखेत हात घालून ओढल्याने पक्षाघाताच्या रुग्णाचा खांदा निखळतो. बिछान्यावर फरफटत वर सरकविल्याने पाठीची त्वचा सोलते. कमरेखाली दुहेरी घडीची आडवी चादर घालून दोघांनी ती दोन्ही बाजूंनी उचलून सरकवावे, एवढे पाच मिनिटांत दाखविता येते. ते दाखविणे हे वैद्याचेच काम होय.

शय्याव्रण आणि अभ्यंगाची मर्यादा

अचल रुग्णाचा सर्वांत दारुण उपद्रव म्हणजे शय्याव्रण. माकडहाड, टाचा, खुबे, बसण्याची हाडे, घोटे आणि डोक्याचा मागील भाग ही त्याची स्थाने. हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दाबली जाऊन रक्तसंचार खंडित होणे हे त्याचे मूळ कारण. ओलावा, घर्षण आणि कुपोषण ही सहकारी कारणे. अतएव निदानपरिवर्जन म्हणजे दाब काढणे. लेप, तैल, मलम हे सर्व त्यानंतर.

साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी. पूर्ण आडव्या कुशीवर खुब्याच्या हाडावर भार येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन तीस अंशांचा कल द्यावा. पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी राहील असे करावे. डोक्याकडील भाग जेवणाव्यतिरिक्त तीस अंशांहून अधिक उंच ठेवू नये, अन्यथा रुग्ण खाली घसरून त्वचा घासते. मधोमध भोक असलेल्या रबरी कड्या वापरू नयेत. त्या कडेच्या रक्तसंचारास अडथळा करतात. हवेची गादी उपयुक्त आहे, परंतु ती घेतली म्हणजे कूस बदलण्यापासून सुटका झाली असे नव्हे. खुर्चीत बसविलेल्या रुग्णानेही दर पंधरा मिनिटांनी भार इकडून तिकडे करावा.

येथे आपल्या शास्त्राच्या दृष्टीने एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. अभ्यंग हे वृद्धांसाठी श्रेष्ठ कर्म आहे यात शंका नाही. जरा, श्रम आणि वात यांचा तो परिहार करतो आणि शिर, कर्ण व पाद येथे विशेषेकरून करावा, हे वाग्भटाचार्यांनी दिनचर्येत सांगितलेच आहे. परंतु हाडावरील त्वचा लाल झाली आहे आणि बोटाने दाबून सोडल्यावर ती लाली जात नाही, अशा जागी मर्दन करू नये. ती लाली म्हणजे शय्याव्रणाची पहिली अवस्था असून आतील मांस आधीच दुखावलेले असते. चोळल्याने ते फाटते. 'लाल झाले आहे, तेल चोळा' हा सल्ला अनेक घरांत प्रेमाने दिला जातो आणि त्यातून व्रण उघडा पडतो. सावळ्या वर्णावर लाली दिसत नाही. तेथे उष्णता, कठीणपणा किंवा काळसर छटा यांवरून ओळखावे. स्पिरिट चोळून वर पावडर टाकण्याची जुनी पद्धतही सोडावी. स्पिरिटाने त्वचा कोरडी होते आणि पावडरीचे ओले गोळे घर्षण वाढवितात.

अभ्यंगाच्या आणखी दोन मर्यादा. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची एकच पोटरी अकस्मात सुजली, दुखू लागली, उष्ण लागू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय धरावा. त्या पायास हात न लावता तत्काळ रुग्णालयात पाठवावे. मर्दनाने गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा, म्हणजे प्राणांचा धोका असतो. दुसरे असे की मधुमेह किंवा पक्षाघात यामुळे स्पर्शज्ञान कमी झालेल्या अवयवावर पोटली, गरम पाण्याची पिशवी किंवा नाडीस्वेद देताना उष्णता रुग्णाच्या सांगण्यावरून ठरवू नये. त्यास भाजल्याचे कळतच नाही.

या मर्यादा पाळल्या तर अभ्यंगासारखे कर्म नाही. कोमट तिळतेल असो वा कोकणातील घराघरांतले नारळाचे तेल असो, रोज पंधरा मिनिटे हातपाय, पाठ, डोके यांस हलक्या हाताने लावताना सेवा करणाऱ्याची दृष्टी संपूर्ण त्वचेवरून फिरते. लाल डाग, ओरखडा, सूज, दोन बोटांमधील चिखल्या हे सर्व वेळीच दिसते. काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची आपल्याकडील पद्धत झोपेसाठी उत्तम आहे. मधुमेही रुग्णात ती हलक्या हाताने व तळपाय नीट तपासूनच करावी. अभ्यंगानंतर तळवे पुसून घ्यावेत. तेलकट पायांनी फरशीवर ठेवलेले पहिले पाऊल अनेकांचे शेवटचे पाऊल ठरले आहे.

व्रण उथळ असेल तर स्वच्छ धावन, जात्यादी घृतादी कल्प आणि दाबमुक्ती यांनी काम होऊ शकते. व्रण खोल, काळ्या खपलीचा, दुर्गंधी वा पूययुक्त असेल अथवा ज्वर असेल, तर शल्यचिकित्सकाकडे पाठविण्यात विलंब करू नये.

मलमूत्र, आहार आणि पर्जन्यकाळ

अंथरुणावरील वृद्धात मलावष्टंभ हा नियमच समजावा. अधारणीय वेगांचे धारण हे येथे रुग्ण स्वेच्छेने करीत नाही, ते त्याच्यावर लादले जाते. हाक मारली आणि कोणी वेळेवर आले नाही, बेडपॅनची लाज वाटली, 'डायपर आहे ना, त्यातच करा' असे सांगितले गेले. सकाळी चहानंतर किंवा गरम पाण्यानंतर ठरावीक वेळी कमोड खुर्चीवर बसविणे, पायाखाली छोटा पाट देणे, दार लोटून घेणे, एवढ्याने अनेकांचे रेचक सुटते. मात्राबस्ती वृद्धांसाठी सुखावह आहे. ती वैद्याने स्वतः वा आपल्या देखरेखीखाली द्यावी. अनेक दिवस मलप्रवृत्ती नसताना एकाएकी थोडेथोडे पातळ मल झिरपू लागले, तर तो अतिसार समजून कुटज देऊ नये. आत खडे झालेल्या मलाच्या कडेने तो द्रव येत असतो. गुदपरीक्षण करावे.

ओल्या डायपरने त्वचा कुजते. दर वेळी कोमट पाण्याने धुऊन, न घासता टिपून, शाबूत त्वचेवर नारळाचे तेल वा शतधौत घृताचा पातळ थर द्यावा. आमच्या कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हे महिने विशेष जोखमीचे. वर्षा ऋतूत वातप्रकोप, अग्निमांद्य तर असतेच, शिवाय चादरी वाळत नाहीत, गादी ओलसर राहते, काखा-जांघांत बुरशी येते आणि वीज गेली की हवेची गादी बसते. पावसाळ्यापूर्वी मेणकापड, जादा चादरी आणि घरात दोरी बांधण्याची सोय करून ठेवण्यास सांगावे.

आहाराबाबत दोन टोके दिसतात. काही घरांत 'पचत नाही' म्हणून महिनोन्महिने केवळ पेज आणि चहा-बिस्किटे, तर काही घरांत शक्तीसाठी बदाम-तुपाचा मारा. अग्नी सांभाळून बृंहण हे आपले सूत्र. वृद्धास वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने लागतात, असे आजचे मत आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते तज्ज्ञाच्या सल्ल्याने ठरवावे. मुगाचे घट्ट वरण, दूध, ताक, अंडे, नाचणीचे आंबील हे मऊ आणि पुरेसे पदार्थ आहेत. आगरी-कोळी घरांत ताजी मासळी हा उत्तम आधार, फक्त काटे काढून द्यावी. सुकी मासळी मात्र मिठामुळे रक्तदाब वा हृद्रोग असलेल्यास वर्ज्य करावी. भरविताना रुग्ण ताठ बसलेला असावा आणि नंतर अर्धा तास तसाच ठेवावा. जेवताना ठसका लागणे वा आवाज ओला होणे हे अन्न श्वासमार्गात जात असल्याचे चिन्ह होय.

ताण : वृद्धाचा

वृद्ध सहसा 'मी उदास आहे' असे म्हणत नाहीत. ते म्हणतात, "पोटात गॅस फिरतो," "डोकं जड आहे," "अंगात कणकण आहे." तपासण्या निर्दोष, चूर्णे बदलून झाली, तरी तक्रार तीच. अशा वेळी दोन साधे प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत मन सतत खिन्न वाटते का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत आता रस वाटत नाही का? उत्तर होकारार्थी असेल तर पुढे खोलवर चौकशी करावी. 'आता देवाने न्यावे' हे वाक्य रूढ असले, तरी ते ऐकून सोडून देऊ नये. मरणाचा विचार मनात घोळतो का, हे स्पष्टपणे विचारावे आणि आवश्यक तेथे मानसरोगतज्ज्ञांची मदत घ्यावी. 14416 ही शासनाची 'टेलि-मानस' सेवा 2022 पासून विनामूल्य उपलब्ध आहे.

सत्त्वावजय हे चिकित्सेच्या तीन प्रकारांपैकी एक असूनही आपल्या चिठ्ठीवर ते क्वचितच उतरते. व्रणिताच्या जवळ स्नेहीजनांनी बसून गोड गोष्टींनी त्याची वेदना विसरवावी, असे सुश्रुताचार्य सांगतात. चरकाचार्यांच्या यादीत गाणारे आणि कथा सांगणारेही आहेत. आमच्या परिसरात याचा अर्थ असा की शेतकरी आजोबांस कुंडीत का होईना, मिरची-भेंडीचे रोप सांभाळावयास द्यावे. घरातील निवड-टिपण, लसूण सोलणे हे 'तुम्ही राहू द्या' म्हणून हातातून काढून घेऊ नये. भजनी मंडळास महिन्यातून एकदा घरी बोलवावे. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभासदांस जिना चढून वर येण्याची विनंती करावी. या संघांची फेस्कॉम ही राज्यव्यापी संघटना 1980 पासून कार्यरत आहे.

एक सावधगिरी. काल नीट बोलणारा वृद्ध आज एकाएकी भ्रमिष्ट झाला, रात्री ओरडू लागला, माणसे ओळखेना, तर तो ताण नव्हे आणि वयही नव्हे. मूत्रमार्गाचा संसर्ग, फुप्फुसदाह, रक्तातील सोडियम वा साखर उतरणे, मूत्रावरोध, नवे औषध यांपैकी काहीतरी त्यामागे असते. ही तातडीची अवस्था आहे.

ताण : सेवा करणाऱ्याचा

घरातील सेवा बहुधा एकाच व्यक्तीच्या वाट्यास येते. ती पत्नी असते, सून असते, अविवाहित वा परत आलेली मुलगी असते. दर दोन तासांनी कूस बदला असे आपण सहज सांगतो, परंतु रात्री दर दोन तासांनी उठणारी ती व्यक्ती पहाटे डबेही करते, हे आपण लक्षात घेत नाही. उपस्थात्याचा अनुराग हा गुण शास्त्राने सांगितला आहे. पण निद्रेविना अनुराग टिकत नाही. सेवेकऱ्याची चिडचिड, रडू येणे, पाठदुखी, स्वतःच्या मधुमेहाची गोळी चुकणे ही लक्षणे दिसली की आपला रुग्ण एक नसून दोन आहेत असे समजावे.

आम्ही कुटुंबातील सर्व प्रौढांस एकदा एकत्र बसवितो आणि रात्रीची पाळी वाटून देतो. चांगल्या गादीवर, त्वचा निकोप असलेल्या रुग्णाची कूस रात्री अधिक अंतराने बदलता येईल काय, हे त्वचा पाहून ठरवितो. आठवड्यातून एक दुपार सेवेकऱ्याने घराबाहेर जावे, असे चिठ्ठीवर लिहून देतो. तोंडी सांगितलेले घरात चालत नाही. डॉक्टरांनी लिहिलेले मात्र सासूबाईही मानतात.

जेथे उपेक्षा वा छळ दिसतो, अंगावरील वळ आणि सांगितलेले कारण जुळत नाही, तेथे मौन धरू नये. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा 2007 साली झाला असून उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे दाद मागता येते. 14567 हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

औषधालय चालविणाऱ्या मित्रांस

वृद्धाचे औषध न्यावयास वृद्ध येत नाही, नातू येतो. त्यामुळे दुकानातील आपले दोन प्रश्न फार मोलाचे ठरतात. औषध कोणासाठी आहे? ते उठून बसतात का? इसबगोल अंथरुणावरील, पाणी कमी पिणाऱ्या रुग्णास दिल्यास तेच आतड्यात अडकून अवरोध करू शकते. सोनामुखीयुक्त चूर्ण दीर्घकाळ घेतल्यास पोटॅशियम उतरते. ज्येष्ठमध कितीही सौम्य वाटले, तरी अधिक मात्रेत व दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढविते आणि पोटॅशियम कमी करते. लघवीच्या वा हृदयाच्या गोळ्या चालू असणाऱ्यास ते धोक्याचे. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर गुडमार-कारल्याची चूर्णे घेणाऱ्या क्षीण वृद्धाची साखर एकदम उतरू शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यास गुग्गुळ कल्प देण्यापूर्वी वैद्याचा सल्ला हवा. विषद्रव्ययुक्त आणि रसकल्प चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. वृद्धाच्या मूत्रपिंडाची शक्ती तरुणाएवढी नसते.

याबरोबरच वॉकर, कमोड खुर्ची, युरिन पॉट, मेणकापड, न्हाणीघरात लावावयाचे धरावयाचे दांडे यांची माहिती दुकानात ठेवावी. जमल्यास काही वस्तू भाड्याने देण्याची व्यवस्था करावी. अनेक कुटुंबांस त्या सहा आठवड्यांपुरत्याच लागतात.

चिठ्ठीची मागील बाजू

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. आपल्या चिठ्ठीच्या पुढील बाजूस आपण औषधे लिहितो. वृद्ध रुग्णासाठी मागील बाजूस पाच ओळी लिहाव्यात. दिवसातून किती वेळा उठवावे व किती पावले चालवावे. कूस केव्हा बदलावी व कोणत्या जागा पाहाव्यात. काय, किती व कोणत्या स्थितीत भरवावे. रोज कोणी, किती वेळ जवळ बसून बोलावे. आणि कोणते लक्षण दिसताच थांबू नये. त्याखाली सेवा करणाऱ्याचे नाव लिहावे. ज्याचे नाव चिठ्ठीवर येते, तो चिकित्सेचा भागीदार होतो.

आमच्या शेतकरी गृहस्थांच्या घरी हीच पाच ओळींची चिठ्ठी पलंगाजवळील भिंतीस लावली होती. मुलगा व नातू यांनी पाळ्या वाटून घेतल्या, शल्यचिकित्सकांकडून चालविण्यास हरकत नसल्याची खात्री करून घेतली. डाग भरून येण्यास दोन महिने लागले. ओटीपर्यंत वॉकरने येण्यास तीन. पूर्वीसारखे चालणे काही आले नाही, आणि ते येईल असे आम्ही सांगितलेही नव्हते. पण शौचास स्वतः जाता येते, यातच त्यांना समाधान होते. औषधे आम्ही दिली होती ती साधीच. श्रेय द्यावयाचे तर ते तिसऱ्या पादास.

आपल्यापैकी प्रत्येकाने येत्या तीन महिन्यांत अंथरुणास खिळलेल्या एका वृद्धाच्या घरी जाऊन, चादर बाजूस करून, त्याची पाठ आणि टाचा स्वतः पाहाव्यात, अशी नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो. आलेले अनुभव याच त्रैमासिकाकडे लिहून पाठवावेत, म्हणजे सर्वांस त्यांचा लाभ होईल.